आपल्या गल्लीतला पत्ता

"न्हाय उघडत," मोबाईल डोळ्यांपासून लांब धरत आकाराम म्हणाले. "नुसतं पांढरं पान हाय. वर गोल गोल फिरतंय."

अनुजाने कपाळावर हात मारला. सकाळपासून ही सहावी खेप. लॅपटॉपच्या पोटात तिने एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं होतं, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत नुसतं सॉफ्टवेअरचं दुसरं मशीन. त्या आतल्या मशीनवर एक पान ठेवलं होतं आणि पानावर एकच ओळ: 'अनुजाच्या मशीनकडून नमस्कार'. आतल्या मशीनमध्ये ते पान झक्क उघडायचं. पण त्याच घरात, त्याच वायफायवर असलेल्या सासऱ्यांच्या मोबाईलवर काही केल्या उघडेना. आणि उद्या कॉम्प्युटर क्लासच्या प्रॅक्टिकलला परीक्षक नेमकं हेच बघणार होते. मागच्या वेळी त्यांच्या मशीनवर तिचं पान उघडलं नाही म्हणून तर ती नापास झाली होती. उद्याची संधी शेवटची. पास झाली तर क्लासच्याच लॅबमध्ये नोकरी पक्की होती.

"मामा, मला न्हाय जमत हे. उद्या जातच न्हाय मी."

आकारामांनी उपदेश केला नाही. तीस वर्षं चंदगड तालुक्यात टपाल वाटलेला माणूस. पत्र परत धाडायच्या आधी पत्ता दोनदा वाचायची सवय रिटायर झाल्यावरही सुटलेली नव्हती. लग्नपत्रिकेवर पिन कोड चुकलेला दिसला, तर त्या लग्नाचं जेवण त्यांना गोड लागत नसे.

"आतल्या मशीनचा पत्ता काय म्हनलीस?"

"१०.०.२.१५."

"आन ह्या मोबाईलचा?"

तिने सेटिंगमध्ये जाऊन दाखवला. १९२.१६८.१.७.

"मग कसं पोचंल? ह्यो पत्ता आपल्या गल्लीतला न्हायच की!"

अनुजाने दोन्ही पत्ते पुन्हा वाचले. तिने नेटवर्कचा रकाना उघडला. तिथे 'नॅट' होतं. आतलं मशीन लॅपटॉपच्या नावावर बाहेर बोलतं, पण बाहेरून कुणाला ते सापडत नाही, असं तिने सासऱ्यांना समजावून सांगायला घेतलं.

"मार्फत," आकारामांनी तिला मध्येच तोडलं. "मार्फत घरमालक. भाडेकऱ्यानं पत्र टाकलं तर जातंय, उत्तर बी मालकाच्या हातनं येतंय. पर कोण नवा माणूस त्याला हुडकत आला, तर गल्लीत त्याचा पत्ता कुणाला ठाव?"

पुस्तकात यावर चार पानं होती. चारही अनुजाला पाठ होती, आणि कळलं ते आत्ता.

घाईघाईत तिने दुसरा पर्याय निवडला आणि मशीन पुन्हा चालू केलं. नवा पत्ता आला. १९२.१६८.५६.१०१.

आकारामांनी चष्मा नीट केला. "सुरवात बरोबर हाय. तिसऱ्या आकड्यात घोळ हाय. आपली गल्ली एक नंबर, ह्यो गडी छप्पनात ऱ्हातोय."

तिने पुन्हा बघितलं. 'होस्ट-ओन्ली'. "ह्यात आतलं मशीन आन लॅपटॉप, दोघांनीच बोलायचं मामा. घरातल्या घरात."

"दार लावून व्हय?"

"कडी घालून."

"मग त्यात टपालाचं काय काम?"

राहता राहिला 'ब्रिज्ड'. त्यात आतल्या मशीनला घरातल्या बाकीच्यांसारखा स्वतःचा पत्ता मिळतो. या वेळी आकडे उमटेपर्यंत दोघंही लॅपटॉपवर वाकून उभी होती. १९२.१६८.१.१२.

"हां! ह्यो आपला!" आकाराम एवढ्या मोठ्याने ओरडले की कट्ट्यावर झोपलेली मांजर उठून निघून गेली.

त्यांनी एकेक आकडा, मधल्या ठिपक्यांसकट, बोटाने दाबला. पान उघडलं. "'अनुजाच्या मशीनकडून नमस्कार.' नमस्कार, नमस्कार," म्हणत त्यांनी मोबाईललाच मान लववली.

अनुजाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. आपल्या बापापेक्षाही हा माणूस आपल्याला जास्त जीव लावतो, असं तिला वाटून गेलं, आणि लगेच मनातल्या मनात तिने बापाची माफीही मागितली.

"मग उद्या जातीस न्हवं?"

"जातो की."

"थांब. एवढ्यावर भागत न्हाय. लांबनं बघाय पायजे." त्यांनी चपला चढवल्या. पान खाली ओढलं की ते नव्याने मागवलं जातं, एवढं शिकून घेतलं आणि निघाले. अनुजा लॅपटॉपपाशी बसली. कुणी पान मागितलं की आतल्या मशीनच्या पडद्यावर एक ओळ उमटायची.

"पोचलं!" पायरीवरून आवाज आला. एक ओळ उमटली.

"पोचलं!" फाटकातून. दुसरी.

"पोचलं!" शेजारच्या धोंडुबाईंच्या दारातून. तिसरी ओळ जरा उशिरा आली.

"काय पोचलं वो?" धोंडुबाईंनी विचारलं.

"सुनंचं टपाल!"

आकाराम पुढे निघाले, पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत. तिथे घरातलं वायफाय पोचत नाही, हे अनुजाला पक्कं ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. खिडकीतून तिला ते दिसत होते. त्यांनी अंगठ्याने पान ओढलं. पुन्हा ओढलं. बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिले. पडद्यावर चौथी ओळ आली नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"पोचलं गं पोरी!"

अनुजाने खिडकीचे गज धरले आणि तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगितलं, "व्हय मामा, पोचलं!"