पहिली रांग, छत्री नंबर नऊ

एर्सीलिया मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. पण सप्टेंबर संपेपर्यंत ती गेलेली नाही, असं तिच्या नवऱ्यानं, ओरेस्तेनं ठरवून टाकलं. त्याला कारण झालं एप्रिलमध्ये आलेलं एक पत्र.

पत्र किनाऱ्यावर मोसमभर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्यानं देणाऱ्या मालकीणबाईंचं, आर्जियाबाईंचं होतं आणि दोघांच्या नावानं होतं. 'आपण एकतीस वर्षं चौथ्या रांगेत काढलीत. यंदा पहिल्या रांगेतली नऊ नंबरची छत्री रिकामी झाली आहे. पहिली रांग नियमाप्रमाणे फक्त जोडप्यांना मिळते. पाच जूनला सकाळी उभयतांनी यावं.'

एकट्या माणसाला सातवी रांग. ती मासे तळणाऱ्या स्वयंपाकघराच्या धुराड्याखाली आहे आणि तिथं बसलेला माणूस संध्याकाळी घरी गेला की मांजरं मागे लागतात.

एर्सीलियाला आयुष्यात फार काही नको होतं. समुद्र आणि आपण, मध्ये कुणाचं डोकं नको, एवढंच. चौथ्या रांगेतून समुद्र दिसत नाही, छत्र्या दिसतात. एकतीस उन्हाळे ती आपल्या गावाहून, पिस्तोयाहून, गाडीत बसून आली आणि छत्र्या बघून परत गेली.

"भिंतींवर निधनाची पत्रकं लावली ती आपल्या गावात," मुलगी निवेस म्हणाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन ती आखणीला बसली होती. "तिकडे कुणाला कळायचं कारण नाही. आई कुठाय असं विचारलं तर?"

"पाण्यात आहे."

"सकाळी ठीक. दुपारी एक ते चार?"

ओरेस्तेनं बोटांवर तास मोजले. जेवल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही. हा नियम त्यांच्याकडे चर्चच्याही वरचा. देव न मानणारेसुद्धा तो घड्याळ लावून पाळतात.

"आई बुडाली म्हणालात तर लोक मानतील," निवेस म्हणाली. "जेवून पोहायला गेली म्हणालात तर कुणी मानणार नाही."

"मग जेवलीच नाही म्हणतो."

"आई? जेवली नाही? बाबा, लोकांनी एकतीस वर्षं बघितलंय तिला."

शेवटी असं ठरलं की एर्सीलियानं यंदा पोहण्याचं फारच मनावर घेतलंय. निवेसनं यादी केली. दुसऱ्या आरामखुर्चीवर पिवळा टॉवेल, गवती हॅट, चपला, शब्दकोड्यांचं मासिक. मासिक निम्मं सोडवलेलं हवं.

"चुका पण करा त्यात," निवेस म्हणाली. "आईला नद्यांची नावं कधी आली नाहीत."

ओरेस्तेनं बसून कोडं निम्मं सोडवलं आणि नद्या चुकवल्या. मग पिवळ्या टॉवेलला इस्त्री केली. हात आपोआप चालत होते. मार्चपासून सगळंच आपोआप चाललं होतं.

"बाबा, तिथं मध्येच रडू आलं तर?"

"कशाला येईल? आणि छत्री जाईल ना."

पाच जूनला तो एकटाच गेला. आर्जियाबाई दारात वही घेऊन उभ्या होत्या.

"आणि तुमच्या सिन्योरा कुठायत?"

"पाण्यात."

"गाडीतून उतरल्या उतरल्या?"

"एकतीस वर्षं थांबलीय बाई. आणखी किती थांबेल?"

आर्जियाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत खूण केली. "थंडी बाधेल म्हणावं."

त्यानं टॉवेल अंथरला, हॅट ठेवली, चपला समुद्राकडे तोंड करून जोडीनं मांडल्या. मग स्वतः बसला. समोर समुद्र होता. मध्ये कुणाचंही डोकं नव्हतं. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे बसल्या जागेवरून दिसत होते. बरं वाटायला हवं होतं. वाट बघितली, पण काही वाटलं नाही.

"नवीन का?" उजवीकडच्या बाईंनी विचारलं. सत्तरीच्या असाव्यात. नाव देल्फीना.

"हो. बायको पाण्यात आहे."

"आमचे हेही," देल्फीना म्हणाल्या आणि विणकामात डोकं घातलं.

ओरेस्तेचा जीव भांड्यात पडला. यांना खपलं म्हणजे सगळ्यांना खपेल.

डावीकडे आमिलकारे नावाचे निवृत्त औषधविक्रेते होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त पिवळ्या टॉवेलकडे पाहून म्हणाले, "इस्त्री छान केलीय."

एक वाजला. रांगेत डबे निघाले. थंड भात, पीच, उकडलेली अंडी. डबे मांडीवर आले, पण झाकण कुणीच उघडलं नाही. सगळे समोर बघत बसले. ओरेस्तेनंही पाहिलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं आणि त्यात कुणी नव्हतं. एकही माणूस नव्हता.

त्यानं रांगेवरून नजर फिरवली. अकरा छत्र्या, बावीस आरामखुर्च्या, अकरा माणसं. प्रत्येक दुसऱ्या खुर्चीवर एक टॉवेल, कडक इस्त्रीचा.

"आमचे हे पहिल्यापासून पट्टीचे पोहणारे," देल्फीना म्हणाल्या. "येत्या ऑगस्टमध्ये चार वर्षं होतील."

"आमच्या हिला अकरा झाली," आमिलकारे म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून ओरेस्तेच्या गुडघ्यावर ठेवला, वर पेन ठेवलं. "दर मोसमाच्या पहिल्या दिवशी देतो. आर्जियाबाई शिक्का मारून ठेवून घेतात. खाली सही करा, जागा आहे."

'मा. व्यवस्थापक यांस. पहिल्या रांगेतील आम्हा अकरा सभासदांची माणसे सकाळपासून पाण्यात आहेत. जेवणाची वेळ झाली आहे. तरी हरवलेली मुले पुकारण्याच्या भोंग्यावरून त्यांना नावानिशी पुकारून त्वरित बाहेर येण्यास कळवावे, ही नम्र विनंती.'