उजवा ब्रेक

रविराज वळणावर थांबला. खालून भागीबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढत होती. वाट एका माणसापुरती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. त्यानं सायकल उचलून दरडीवर टेकवली आणि स्वतःही वर चढून उभा राहिला.

"या मावशी, आधी तुम्ही. चढणाऱ्याची वाट पहिली."

भागीबाई वरच्या पाड्यावरची. दर रविवारी ती याच वाटेवर भेटायची. "तुम्ही थांबता दादा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला एकजण थांबलाच नाय. नुसती घंटी वाजवीत गेला. मीच भाऱ्यासकट दरडीला चिकटले." तिनं दम घेतला. "आज एकलेच?"

"बायको आहे मागं. पहिल्यांदाच आलीये. हळू येतेय."

वरून आवाज आला. चर्रर्र. बराच वेळ चालला, मग थांबला. मग पुढच्या वळणावर पुन्हा, जरा जवळून.

डोक्यावर भारा असल्यानं भागीबाईला मान वळवता येत नव्हती. ती तशीच ऐकत राहिली.

"हळू नाय येत ती," ती म्हणाली.

रविराजला तो आवाज ओळखीचा होता. मागचं चाक जाम होऊन फरपटत होतं. म्हणजे सुवर्णा एकटा डावा ब्रेक दाबत होती. सकाळी गाडीवरून सायकली उतरवतानाच त्यानं तिला सांगितलं होतं. दोन्ही ब्रेक, एकेका बोटानं, वळण यायच्या आधी. चाक फिरत राहिलं पाहिजे. सुवर्णा हसली होती. सिन्नरला तिच्या वडिलांनी तिला सायकल शिकवली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. उजव्या ब्रेकला हात लावायचा नाही. उतारावर पुढचं चाक अडलं की माणूस हँडलवरून जातो. "जोरात दाबला तर जातो," रविराज म्हणाला होता. "एका बोटानं हळूहळू दाबला तर तोच वाचवतो." पण तोवर तिचं लक्ष हेल्मेटच्या पट्ट्याकडं गेलं होतं.

"तुमच्या या फरपटण्यानं वाटेला चर पडतीय," भागीबाई म्हणाली. "मग पावसात पाणी तिथनंच जातं. ही कड बघा, किती खाल्लीय."

रविराजनं पाहिलं. वळणावर कडेच्या खालची माती निघून गेली होती. गवताची मुळं अधांतरी लोंबत होती.

चर्रर्र. आता अगदी वरच. चार खडे घरंगळत आले आणि भागीबाईच्या पायाशी थांबले.

"मावशी, भारा टाका."

"आन् दरीत गेला म्हंजे? सकाळपासून कापलंय."

"टाका! मागं सरका!"

तिनं मान झुकवून भारा वाटेवर आडवा टाकला. तेवढ्यात सुवर्णा वळणावर दिसली. ती ताठ बसली होती. मागचं चाक दरीकडे सरकत होतं. उजव्या हाताची पाचही बोटं हँडलच्या मुठीवर आवळलेली होती. ब्रेकवर एकही नव्हतं. पुढचं चाक भाऱ्यात घुसलं आणि सायकल थांबली. तिनं एक पाय कडेवर टेकला. पायाखालचा थोडा मुरूम निसटला. तो खाली पडल्याचा आवाज आला नाही.

सुवर्णा धापा टाकत हसली. "थांबले की नाही?"

"गवतानं थांबवलं तुला. भारा नसता तर?"

"तर तू होतास की धरायला." मग ती भागीबाईकडे वळली. "सॉरी हं मावशी. तुमचं गवत विस्कटलं."

"गवताचं काय घेऊन बसलीस. हातपाय जाग्यावर हायेत ना पोरी?"

"इथून पुढं चालत जायचं," रविराज म्हणाला. "खालचं वळण याहून वाईट आहे."

"हो रे बाबा."

भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. रविराजनं एका बाजूनं हात घातला, भागीबाईनं दुसऱ्या. दोघांनी मिळून तो छातीपर्यंत आणला. वाट पुरती अडली.

"मी पुढं होते, म्हणजे यांना जागा होईल," सुवर्णा म्हणाली आणि सायकल उचलून दरडीवरून त्यांच्या पुढं उतरली. थोडी चालली. मग तिनं सायकलवर टांग टाकली.

"सुवर्णा, उतर!"

"अरे, दाबते तुझा पुढचा! आता खूश?"

ती वळणाआड गेली. रविराजचे दोन्ही हात भाऱ्याखाली होते. भागीबाई भाऱ्याखाली वाकता वाकता थांबली.

"खालनं माझी सरिता येतीय," ती म्हणाली. "तिच्या डोक्यावरबी भारा हाय."

"एका बोटानं!" रविराज ओरडला. "सुवर्णा, एकाच बोटानं! हळू दाब!"

खालून घंटी वाजली. दोनदा.

भारा तसाच दोघांच्या हातांत राहिला. डोक्यावर नाही, जमिनीवर नाही. खालचं वळण लांब नव्हतं. सकाळपासून तो फरपटण्याचा आवाज बंद व्हावा असं रविराजला वाटत होतं. आता तो त्याचीच वाट पाहत उभा होता.

आवाज आला नाही.

मग खालून सरितानं हाक मारली. "आये!" एकदाच.

"दादा," भागीबाई म्हणाली, "भारा सोडा."