रिक्त साहेब

गेल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात तापाने फणफणलेली नात कडेवर घेऊन भुरीबाई परिचारिका उज्ज्वलेसमोर उभ्या राहिल्या. “सिस्टरबाई, हे रिक्त साहेब कवा येतेत? सात वाजतापासून त्याहीचीच वाट पाहून राह्यली.” उज्ज्वलेला प्रथम हसू आले, मग तिची नजर भिंतीवरच्या डॉक्टरांच्या पाटीकडे गेली. चार वर्षांपूर्वी बाकांवर शंभर रुग्ण असत आणि पाटीवर सहा डॉक्टरांची नावे. आता रुग्ण चारशे झाले, नाव एकच उरले. बाकीच्या पाच ओळींत रंगाऱ्याने सुबक ‘रिक्त’ रंगवले होते; बालरोगतज्ज्ञाची ओळ भुरीबाईंना कोणीतरी वाचून दाखवली होती. “आजी, रिक्त म्हणजे कोणीच नाही! पोरीले यवतमाळले न्या,” ती खेकसली, राग आजीवर नव्हता. भुरीबाईंनी नातीला पदरात गुंडाळले. “नसलेल्या माणसाची पाटी लावू नोका, बाई, आमी वाट पाहतो.”