राहून गेलेलं हसू

आमच्या हाँगकाँगच्या स्वस्तातल्या सिनेमांत एक रीत आहे. प्रेताचं काम करणाऱ्या नटाने शॉट संपताच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, नाहीतर मरण अंगावरून उतरत नाही. ते हसू मी संकलनात कापून टाकतो.

आमचे जुने नट मोककाका प्रेत झाले, त्या वेळी मात्र हसण्याआधीच रीळ संपलं. "एका हसण्यासाठी नवीन रीळ उघडू?" दिग्दर्शक वैतागला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "उधार ठेव."

सिनेमा धो धो चालला. भूत, कुंग-फू, प्रेमगीत, सगळं एकाच कढईत. पुठ्ठ्याचा चंद्र डगमगला की लोक शिट्ट्या मारत. दुपारच्या खेळाला मी काकांना घेऊन गेलो. शेंगा फोडत ते कुजबुजले, "माझ्यापेक्षा तो चंद्र बरं काम करतो."

मग त्यांच्या मरणाचा प्रसंग आला. जिथे रीळ संपलं होतं, तिथे तो संपला नाही. पडद्यावरच्या प्रेताने सावकाश डोळे उघडले आणि आमच्याकडे बघून ते मोकळं हसलं.

"काका, हे कधी काढलंत?"

शेंगांचा आवाज थांबला होता. काकांचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी किंचित वर होती, प्रेताच्या शॉटला दिग्दर्शकाने सांगितली होती अगदी तशी.