देखीसन चाल

झुंबरबाई सपाट अंगणातही पाय मुरगळून पडायची, आणि तिचा नवरा भटू दर वेळी खेकसायचा, “डोया फुटनात का? खाले देखीसन चाल!”

आज धुळ्याच्या डॉक्टरांनाही त्याने तेच ऐकवलं, “चालताना लक्षच नसतं हिचं.”

डॉक्टरांनी तिला हलत्या फळीवर उभं करून पाहिलं. “लक्षाचा दोष नाही, काका. पाय वळला की स्नायूंनी लगेच सावरायचं असतं. यांचे उशिरा जागे होतात. पहिल्यांदा मुरगळला तेव्हा आराम नाही दिला?”

“तवय कापूस येचाना दिन व्हतात,” झुंबरबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी भटूने तिच्यापुढे हात केला.

“नीट धरा, जड शे,” म्हणत तिने त्या हातात पिशवी दिली, आणि भिंत धरून एकटीच उतरू लागली.