सहा ते चौदा

"डावा हात पुढं कर," ढवळेबाई म्हणाल्या.

गंगीने कडेवरचा भाऊ दुसऱ्या बाजूला घेतला आणि बोट पुढे केलं. ते खडीच्या धुळीने इतकं माखलेलं होतं की बाईंना आधी पदराने पुसावं लागलं. शाळेत न जाणारी पोरं मोजायचा दिवस होता. एकच पोर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावायची होती. सकाळपासून खडी फोडणाऱ्या क्रशरच्या घरघरीत ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला होता. चहासुद्धा मिळाला नव्हता.

"वय किती हिचं?"

"नऊ," गंगीची आई तिम्मव्वा हातोडी न थांबवता म्हणाली. "मागल्या साली आठ सांगितलं हुतं. एक सर आले हुते, त्यांनीबी असंच लिवून नेलं."

बाई चपापल्या. मग जरा जोरातच म्हणाल्या, "यंदा तसं होणार नाही. कायदा झालाय, तिम्मव्वा. सहा ते चौदा वर्षांचं कुठलंही पोर असो, शाळा त्याच्या हक्काची. पैसा नको, दाखला नको. पुस्तकं, कपडे, दुपारची खिचडी, सगळं शाळेचं. तू हिला फक्त उद्या दहाला पाठव."

"पाठवते की. मग ह्याला कोण घेणार, तुमी?" तिम्मव्वाने हातोडीनेच गंगीच्या कडेवरच्या मल्लेशकडे दाखवलं. पोर वर्षाचं होतं. "पल्याडच्या खोपीतलं लेकरू आईनं खाली ठेवलं, तर डंपर आला त्याच्यावर. महिना झाला न्हाई अजून."

बाईंनी अंगणवाडीचा विचार करून पाहिला. पण ती तीन वर्षांच्या आतलं पोर घेत नव्हती, आणि घेतलं तरी ती बारालाच सुटायची.

"मी आणते ना ह्याला," गंगी म्हणाली. "रडत न्हाई तो. आमी मागं बसू, दाराजवळ."

हो म्हणावं असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दिवाळीआधी अशाच एका पोरीला त्यांनी तान्ह्या बहिणीसकट बसवून घेतलं होतं, तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, शाळा चालवताय की पाळणाघर? तिसऱ्या दिवशी ती पोर आली नाही. बाई तिला बघायलाही गेल्या नाहीत. त्याची लाज त्यांना अजून वाटत होती.

"त्याला नाही गं बसवता येणार. लहान आहे तो."

"मग त्याच्याबी बोटाला लावा शाई."

"सहा पूर्ण झाल्याशिवाय नाही लावता येत."

तिम्मव्वा हसली. "बघा, कायदाबी मोठ्या पोरांचाच."

गंगी हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण खडीच्या पाट्या मोजून मोजून हिशेब तिला पक्का येत होता. तिने भावाच्या पाठीवर एकेक बोट टेकवलं आणि ओठ हलवत मोजलं.

"हा सहाचा हुईल, तवा मी चौदाची," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे बसतंय की, बाई. तुमीच म्हणालात ना, चौदापर्यंत. तवा आमी दोघंबी येतो."

तिम्मव्वाची हातोडी थांबली. तिने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी कागदाकडे. या वस्तीत चौदा वर्षांची पोर त्यांना सकाळपासून एकच भेटली होती, आणि तिच्या गळ्यात काळे मणी होते.

"बाई," गंगी म्हणाली, "तवर माझी जागा धरून ठिवाल?"

"धरते हं," ढवळेबाई म्हणाल्या, आणि घाईघाईने पुढच्या खोपीकडे वळल्या.