खंडूची तेरवी

“त्याले मारलं काहून?”

गोजराबाईंनी अंक टेबलावर आपटला. चित्रकथेचं शेवटचं पान उघडं पडलं. पैनगंगेच्या काठावर खंडू तुराटीवाला पालथा पडलेला, आणि कधीच न मोडणारी त्याची ती तुरीच्या खोडाची तुराटी दोन तुकडे होऊन बाजूला.

संपादक विनोद गालात हसला. रिसोडच्या त्या कचेरीत आठवडाभर हेच चाललं होतं. फोनवर शिव्या, दारावर शेण. बेचाळीस वर्षं निघणाऱ्या ‘चित्रझोळी’ मासिकाला गेल्या दहा वर्षांत कुणी साधी शिवीसुद्धा दिली नव्हती. पोरं मोबाइलला चिकटली होती. केनवड, शिरपूरला गेलेले गठ्ठे दोरी न सुटता परत येत होते. मग विनोदनं परदेशी चित्रकथावाल्यांचं पाहिलं. ते आपला नायक मारतात, लोकांना रडवतात आणि नवा पोशाख चढवून परत आणतात. खंडूही दिवाळी अंकात परत येणार होता. धोतराऐवजी चिलखत, तुराटीऐवजी निळी वीज. हे जमलं नाही तर ‘चित्रझोळी’ला कुलूप, हे विनोदनं ठरवूनच टाकलं होतं.

“काकू, तुमी किती वर्सांत अंक घेतला नाई?”

“मी माह्या भावाले चार साल भेटली नाई. म्हणून तू त्याले मारशीन? केनवडच्या बाजारात बांगड्या विकता विकता मी अक्षरं त्याच्यावर शिकली बे!” दारात त्या थांबल्या. “तेराव्या दिवशी ये. आमी तेरवी ठेवली त्याची. हेमसिंग महाराजाचं कीर्तन हाये.”

त्या गेल्या तसा विनोदनं टेबलावर हात मारला. “पाह्यलं, रहीमचाचा? चित्रातल्या माणसाची तेरवी! आता दिवाळीचं मुखपृष्ठ घ्या करायले.”

अडतीस वर्षं खंडू काढणारे रहीमचाचा कोपऱ्यात ब्रश धूत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. “तूनं मार म्हटलं, म्या मारला. जिवंत करायले माहा हात मागू नको.”

“नका करू. कम्प्युटर करते.”

“करू दे. त्याले काय मालूम, कोन मेलं!”

विनोदचं खंडूशी जुनंच वैर होतं. त्याचे वडील गोपीचंद या गोष्टी लिहायचे. घरात असले तरी खंडूच्याच मागे असायचे. विनोदच्या शाळेच्या गॅदरिंगला ते आले नाहीत, कारण त्या दिवशी खंडू विहिरीत अडकला होता! टाळेबंदीच्या साली गोपीचंद गेले. चार माणसांत उरकावं लागलं. तेरवी झालीच नाही. विनोद रडलाही नाही.

तेराव्या दिवशी सकाळी तो केनवडला पोचला. काखेत कागदाची नळी होती, नळीत दिवाळीचं मुखपृष्ठ. कीर्तन संपलं की ते सगळ्यांसमोर उलगडायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि गावोगाव पाठवायचा, असा बेत होता.

मांडव गच्च भरला होता. पोरं थोडी, पन्नाशीची माणसंच जास्त. अंक घेणं यांनीच तर सोडलं होतं! विनोदला पाहून कुणी सरकून जागा दिली नाही. एकजण मोठ्यानं म्हणाला, “आला, मारून जेवाले आला.” विनोद खांबाला टेकून फोटो काढत राहिला.

मागं टाळ थांबले. महाराज आख्यानाला आले, आणि आख्यान खंडूचंच होतं. पैनगंगेला पूर आलेला. गोवरानं फणफणलेलं पाच वर्षांचं पोर. दवाखाना पलीकडच्या काठावर. खंडूनं पोराला खांद्यावर घेतलं, तुराटीनं तळ चाचपत तो पाण्यात शिरला. पाणी कंबरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. महाराजांचा आवाज असा, की मांडवातल्या माणसांनी आपापले पाय वर ओढून घेतले. बुवांनी अर्धं सोडावं आणि मांडवानं पुरं करावं, याहून गोड दुसरं काय असतं? महाराजांनी हात वर केला.

“अन् मंग खांद्यावरचं पोरगं काय म्हने?”

“मले खाली ठेवा, तुमी थकले!” सगळा मांडव एका सुरात म्हणाला.

विनोदचा मोबाइल खाली आला.

ते शब्द त्याचे होते. पुरात, बापाच्या खांद्यावर, गळ्याएवढ्या पाण्यात तो ते म्हणाला होता. महिन्याभरानं अंक हाती आला, तर बापाच्या जागी खंडू! पाच वर्षांच्या विनोदनं रागानं तो अंक फाडला होता. त्यानंतर खंडूची एकही गोष्ट त्यानं नीट वाचली नव्हती.

कीर्तन संपलं. गोजराबाई पांढरी टोपी घेऊन उभ्या राहिल्या. तेरवीला ती मेलेल्याच्या लेकाच्या डोक्यावर घालतात. आता घर तुझं, असं सांगायला.

“टोपी कोनाले घालाची?” महाराजांनी विचारलं. “खंडूले तं लेकरू नाई.”

“हाये की,” रहीमचाचा बसल्या जागेवरून म्हणाले. “तो काय खांबाजवळ, मोबाइल धरून उभा.”

सगळ्या माना वळल्या. गोजराबाई माणसांमधून वाट काढत आल्या. त्यांनी टोपी विनोदच्या डोक्यावर ठेवली नाही, कानापर्यंत खसकन ओढली. त्याच्या काखेतली नळी सुटली आणि घरंगळत चपलांच्या ढिगात गेली. ती उचलायला तो वाकला नाही. त्याला समोरचं काही दिसतच नव्हतं.

“मारतानी नाई रडला,” गोजराबाई म्हणाल्या, “मंग आता काहून रडून राह्यला?”